दोन छाटण्यांची वाईन

एप्रिलची सकाळ. नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी तालुका. कालपर्यंत तारांवर पसरलेला हिरवा पसारा आज सरीत पडलाय. द्राक्षाच्या वेलीवर उरलंय फक्त खोड, आडवा ओलांडा, आणि ओलांड्यावर एक-दोन डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागांची, खुंटं.

ही खरड छाटणी. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात, जिथून शेनिन ब्लां हा पांढऱ्या वाईनचा वाण आपल्याकडे आला, तिथे वेल वर्षातून एकदाच छाटतात. तिकडे थंडीत वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडा होतो. नाशिकची वेल झोपत नाही. एप्रिलच्या फुटीवरच फळ धरलं, तर ते ऐन पावसात पिकायला येईल आणि झाडावरच कुजेल. म्हणून इथे वर्षाचे दोन भाग केलेत. पावसाळ्यात काडी वाढवायची, हिवाळ्यात फळ घ्यायचं. एप्रिलच्या फुटीवर आलेले घड काढून टाकतात.

पण ऑक्टोबरच्या घडाचा पाया याच दिवसांत पडतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात घड तयार होत असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्या काळात डोळ्यावर ऊन पडायला हवं. फुटवे दाटले, ढगाळ हवा लांबली, नत्र जास्त पडलं, की घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, निघते. म्हणून ही माणसं मे महिन्याच्या उन्हात वाकून फेलफूट, म्हणजे नको असलेले फुटवे, काढताना दिसतात.

आता सप्टेंबर संपत आलाय. काडी तपकिरी झाली आहे, वाकवली की कडकन मोडते. ही पक्व काडी. गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या दुसऱ्या छाटणीआधी, तिचे नमुने प्रयोगशाळेत जातात. तिथे डोळे उभे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि कितव्या डोळ्यात घड आहे त्यावर कात्री कुठे चालवायची ते ठरतं. वाणानुसार ते दोन डोळ्यांवर असेल, नाहीतर सहा-सात. एक डोळा अलीकडे कापलं, तर वर्षभराचा घड सरीत पडतो.

हा हात बघा. डाव्या हाताचा अंगठा काडीवरून डोळे मोजत वर सरकतो, उजव्या हातातली कात्री मागोमाग येते. काप डोळ्याच्या थोडा वर, तिरका. पुढच्या काडीकडे जाईपर्यंत जेमतेम दोन-तीन सेकंद. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या हे काम एकरी उक्त्या दराने करतात. वाईनच्या चवीबद्दल पुष्कळ बोललं जातं. ती जिथे ठरते, ती जागा ही आहे.

छाटणीच्या पाठोपाठ पेस्टिंग, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावणं. एक लिटर पाण्यात साधारण ३० ते ४० मिली हायड्रोजन सायनामाइड, आणि राहिलेला डोळा ओळखू यावा म्हणून त्यात रंग. हे लावलं नाही, तर फक्त टोकाचा डोळा फुटतो आणि खालचे बसून राहतात. बाग मागेपुढे फुटते, मग पिकतेही मागेपुढे. औषध विषारी आहे. हातमोजे हवेतच. आणि हे लावणाऱ्याने आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. टोळीतल्या प्रत्येकाला हे सांगायलाच हवं.

आठ-दहा दिवसांत डोळे फुगून कापसासारखे दिसतात, मग पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, मग पानं. फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि कुज. दमट हवेत पानामागे पांढरी बुरशी दिसली तर तो डाऊनी रोग, कोरड्या थंडीत भुरी रोग. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीए (जिबरेलिक आम्ल) या वाढ-संजीवकात बुडवतात. वाईनच्या घडाला तसं करत नाहीत, कारण रंग आणि चव सालीत असते. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त.

फेब्रुवारी. पहाटेचे पाच. डोक्याला बॅटरी बांधून खुडा चाललाय. ऊन चढलं की मणी तापतो, रस काळवंडतो, रानटी यीस्ट क्रेटमध्येच कामाला लागतं. साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा एक थेंब: २२ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण २२ टक्के साखर. त्यातून सुमारे साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोल. पण नाशिकात साखर वाट पाहायला लावत नाही, पळते ती आंबटाई. आठवडाभर उशीर झाला की आम्ल उतरतं आणि वाईन सपक लागते. शेनिन इथे रुजला, कारण उन्हातही तो आंबटपणा धरून ठेवतो. त्याची खोट म्हणजे घड घट्ट. आत एक मणी फुटला की शेजारचे सडतात.

पांढऱ्या वाईनचा रस लगेच दाबून काढतात, थंड करून रात्रभर निवळू देतात. यीस्ट कोमट पाण्यात, ३५ ते ४० अंशांवर, वीसेक मिनिटं भिजवतात. ते तसंच थंड रसात ओतायचं नाही. दोन्हींच्या तापमानात दहा अंशांपेक्षा जास्त फरक असला तर यीस्ट मरतं आणि आंबवण अर्ध्यात अडकतं. म्हणून थोडा थोडा रस घालत ते गार करत आणतात. रसात नत्र कमी पडलं, तर टाकीला सडक्या अंड्याचा वास येतो.

आणि हे शिराझ, लाल वाईनचं द्राक्ष. साली, बिया, रस सगळं एकत्र, २५ ते २८ अंशांवर. वायूमुळे साली वर येऊन जाड थर धरतात. दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने उचलून त्यावर सोडतात. थर कोरडा राहिला की व्हिनेगरचे जिवाणू धरतात.

महाराष्ट्राच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वायनऱ्या वाढल्या. २००८ नंतर मागणी कोसळली आणि अनेकांनी वाईनच्या बागा उपटल्या.

शिराझच्या टाकीतला हायड्रोमीटर घनता ०.९९५ दाखवतोय, पाण्याहूनही कमी. साखर संपली. रस खालच्या व्हॉल्व्हने काढून घेतात, उरलेल्या साली फावड्याने प्रेसमध्ये ओढतात. नवी टाकी काठोकाठ भरतात, वर हवेला जागा ठेवत नाहीत. चोथा ट्रॉलीत भरून बागेकडे निघालाय. तिथे खरड छाटणीची टोळी येऊन थांबली आहे.