पोळ्याची झडती आणि काकाजींची वही

(तोरणाखाली बैलांची रांग, डफडं वाजतंय)

हे आमचं गाव, यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याच्या अलीकडं. तारीख 22 ऑगस्ट 2025, पोळा. समोर रांग दिसून राहिली ना, मोजा, एकोणीस जोड्या भरतात, मी लहान होतो तेव्हा तोरण ह्या टोकापासून पार देवळापर्यंत लागायचं. बाकीच्यांच्या दारात आता ट्रॅक्टर आहे आणि ट्रॅक्टरले बेगड लावून पोळ्यात आणायची अजून कुणाची हिंमत झाली नाही. हा पांढरा बैल बघा, शिंगाले हिंगूळ, डोक्यावर बाशिंग, पाठीवर झूल, सगळं रीतीप्रमाणे, आणि पोटावर ऑइलपेंटनं लिहिलंय, ‘कर्जमाफी कधी?’ बैल मात्र निवांत रवंथ करतोय.

आता आवाज ऐका.

(काकाजी पुढे येतात, हात वर)

“परदेशी गाठीले उघडलं दार,
माह्या बंडीले लाइन कोसभर,
पत्त्याची बातमी चाले महिनाभर,
वावरात पानी, कोनी पाहे ना धुऱ्यावर,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!”

हिला झडती म्हणतात. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, पोळा फुटायच्या आधी, म्हणजे बैल सुटायच्या आधी, तोरणाखाली उभं राहून झडत्या म्हणायच्या, कुणाची मस्करी, कुणाची तक्रार, सावकारापासून मंत्र्यापर्यंत कोणी सुटत नाही, आणि शेवटी महादेवाचं नाव घेतलं की सगळं माफ. पेपरात काय आलं आणि त्यावर गावाले काय वाटलं हे पाहायचं असन तर पोळ्यात यावं. जुन्या झडत्या सगळ्यांना पाठ आहेत, त्या ऐकून लोकं नुसती मान डोलावतात. काकाजी दरवर्षी नवी बांधतात, म्हणून त्यांच्या वेळी डफडं थांबतं.

(पानठेला, सकाळ. एसटीतून पेपरचं बंडल खाली येतं)

झडती बनते इथं. सकाळच्या एसटीनं पेपर येतो, ठेल्यावर एकच घेतात, तो दुपारपर्यंत चुरगळून चहानं ओला होतो. काकाजी पहिला नंबर लावतात. मोठ्यानं वाचायचं, हेडिंग झाल्यावर थांबायचं, लोकं बोलली की मग पुढं. आणि आवडलेली बातमी ठेलेवाल्या भाऊच्या अडकित्त्यानं कापायची, हो, सुपारीच्याच, म्हणून प्रत्येक कात्रणाले कडेनं लाल डाग आहे. कात्रणं निळ्या वहीत, बाजूला पेन्सिलनं यमक. वही मी दोन तास शूट केली, इथं थोडीच दाखवतोय.

हे पान जुलैचं. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला मोबाइलवर रम्मीचा व्हिडिओ आला, आपण खेळत नव्हतो असं ते म्हणाले, पण 31 जुलैला त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. ही बातमी वाचताना कॅमेरा चालू होता. काकाजी चष्मा काढतात, पुसतात, परत वाचतात, “क्रीडा?”, आणि मग जे हसतात ते तुम्हीच बघा, मी मध्ये बोलत नाही.

(हसणं, बाकडं हलतं)

आता हे कात्रण. चार बोटांएवढं, आतल्या पानावरचं, ठेल्यावर वाचलं तेव्हा एकजण मोबाइल पाहून राहिला होता, दुसरा तंबाखू मळत होता. परदेशातून येणाऱ्या कापसावरचा 11 टक्के आयात कर 19 ऑगस्टपासून शून्य. हा कर 2021च्या बजेटात लागला होता. आधी सूट सांगितली 30 सप्टेंबरपर्यंत, तेव्हा काकाजी म्हणाले, “तोवर आपलं बोंडच फुटत नाही, जाऊ द्या.” पोळा झाला, गणपती बसले, 27 ऑगस्टले अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावला, दिवसभर टीव्हीवर तेच. आणि दुसऱ्या दिवशी सूट वाढवली, थेट 31 डिसेंबरपर्यंत. गिरण्यांचं म्हणणं असं की धागा महाग पडतो, टॅरिफ लागलाय, कापूस स्वस्त पाहिजे. बरोबर असन त्यांचं. पण आमचा कापूस घरात येतो दसऱ्या-दिवाळीपासून, पहिला वेचा, दुसरा वेचा, गरजेपोटी जो माल विकायचा तो ह्याच तीन महिन्यांत विकायचा, आणि बरोबर तेच तीन महिने दार उघडं. टॅरिफवर ठेल्यावर आठवडाभर भांडण चाललं, ट्रम्प काय, मोदी काय, एकानं तर टेबलावर नकाशा काढला. ह्या चार बोटांच्या बातमीवर कोणी भांडलं नाही. म्हणून मी कॅमेरा तिच्यावर इतका वेळ ठेवलाय.

(वावर. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, बायका, कमरेला ओटी)

ऑक्टोबर. सीतादही. वेचणी सुरू करायच्या आधी पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडून हळदकुंकू, दहीभात, नारळ. माय पूजा करते, उजव्या हाताले चिखल दिसतोय तो सप्टेंबरच्या पावसाचा, अजून सुकला नव्हता. खालची बोंडं काळी पडलेली, सडलेली, हा क्लोजअप मुद्दाम ठेवलाय, फार बोलत नाही.

दरम्यान 7 ऑक्टोबरले मुख्यमंत्र्यांनी अतिवृष्टीसाठी पॅकेज जाहीर केलं, 31 हजार 628 कोटी. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डबा खाता खाता ही बातमी कोणीतरी मोबाइलवर वाचली तर वेचणाऱ्या मावशीनं विचारलं, “कोटीले किती शून्य रे?” आमच्या पुतण्यानं काडीनं मातीत लिहिलं, आधी 31628, मग सात शून्य, लिहिता लिहिता धुरा संपला आणि शेवटची दोन शून्यं पऱ्हाटीत गेली. मावशी म्हणे, “मग बरोबर आहे, तिथंच गायब होतात.” किलोमागे दहा रुपयानं वेचत होती ती, दिवसाले चाळीस किलो होतात, कापूस ओला असला तर बोट दुखतं पण वजन भरतं, हे पण तिनंच सांगितलं.

28 ऑक्टोबरले शेतकरी नेते बच्चू कडूंचा कर्जमाफीचा मोर्चा नागपुरात पोचला, ट्रॅक्टरनं वर्धा रोड अडला, आमच्या गावचे सहा जण गेले होते. कॅमेरा माझ्याकडं होता आणि मी चुलतभावाच्या साखरपुड्यात होतो, त्यामुळे ते दृश्य नाही. दोन दिवसांनी मुंबईत बैठक झाली, कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026च्या आत करू असं ठरलं. परत आलेल्यांचे पाय सुजले होते, तेवढंच शूट झालं.

(मोबाइलची स्क्रीन, गोल फिरतंय)

आणि हे. ह्यावर मी जास्त वेळ देणार आहे, कारण बातमीत ह्याचं एक वाक्य असतं आणि आमचे ह्यात अकरा दिवस गेले. 2025-26चा हमीभाव क्विंटलले, लांब धाग्याले 8110, मध्यमले 7710, मागच्या वर्षापेक्षा 589 जास्त, हे हेडिंग मे महिन्यातच वहीत चिकटलं होतं. तो भाव पाहिजे तर सीसीआयले, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाले, विकायचं, त्यासाठी 2025ले कपास किसान अॅपवर नोंदणी. सातबारा पाहिजे, त्यावर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, झालेली पाहिजे, आधार पाहिजे. काकाजींचं वावर अजून त्यांच्या वडिलांच्या नावानं, वडील जाऊन बारा वर्षं झाली. वारस नोंद करायले तलाठ्याकडं तीन चकरा. ते झालं तर आधारला मोबाइल नंबर पोराचा, पोरगा पुण्यात कंपनीत, ओटीपी पुण्याले जाते. पोरगा शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. तो सुट्टीत ओटीपी सांगणार तेव्हा इथं टॉवर नाही. शेवटी काकाजी पाण्याच्या टाकीवर चढले, वय 68, हा शॉट खालून घेतलाय आणि माझा हात हलतोय. वरून ओरडून आकडे सांगतात, खाली पुतण्या टाकतो. “सात! नाही बे, सात! सत्यातला!” झालं. मग स्लॉट, म्हणजे केंद्रावर कापूस न्यायची तारीख. मग केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र, 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कापून, त्याच्यावर घेतच नाही. कापूस अंगणात वाळत घातला, पोरं त्यात लोळत होती, दिसायले फार सुंदर दिसतंय हे, पांढरंशुभ्र, त्यात एक कुत्रं.

स्लॉटच्या आधी उधारीवाला आला, म्हणून निम्मा कापूस दारातूनच खेडा खरेदीवाल्याले गेला, हमीभावाच्या खाली.

(काटा. गाठोडी. वही)

डिसेंबर. ठेल्यावर शेकोटी आहे, पेपर आता उशिरा येतो. मी काकाजींना विचारलं पुढच्या पोळ्याची झडती बांधली का. त्यांनी पंचांग दाखवलं, 2026ले अधिक महिना येते, पोळा सरकून सप्टेंबरात. म्हणजे 30 जून तोवर होऊन गेलेला असन. वहीत त्यांनी पहिल्या दोन ओळी लिहून ठेवल्यात, मला वाचू दिल्या नाहीत. तिसरी-चौथी कोरी सोडली आहे, आणि खाली महादेवाचं नाव आधीच लिहून ठेवलंय.