एका माणसाचे तीन दगड

[कपाशीचं शेत. सकाळ. वेचणीयंत्राची घरघर.]

पांढरं दिसतंय तो सगळा कापूस. आमचा कॅमेरावाला यवतमाळचा. त्यानं गाडी थांबवायला लावली, कडेचं एक बोंड हातात घेतलं, सरकी दाताखाली धरून बघितली आणि मगच कॅमेरा काढला. वेचायला माणूस एकही नाही. एकच यंत्र फिरतंय आणि मागे गुलाबी प्लास्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे सोडत चाललंय. शंभर वर्षांपूर्वी याच सरींमधून माणसं वाकून चालायची. ज्यांना वाकायचं नव्हतं, त्यांतले काही गिटार उचलून वाटेला लागायचे.

हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला डेल्टा. नाव डेल्टा असलं तरी समुद्र इथून फार लांब. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधली ही गाळाची जमीन, परातीसारखी सपाट. ब्लूज म्हणून काळ्या लोकांचं जे गाणं जगभर गेलं आणि ज्याच्यातून पुढे रॉक निघालं, त्याचं एक मोठं माहेर हेच.

आम्ही इथे दगड बघायला आलोय.

[पहिलं चर्च. रस्त्यावरून आत वळणारी गाडी.]

मॉर्गन सिटीजवळचं माउंट झायन चर्च. अंगणात हा निमुळता उंच खांब. चारी बाजूंना अक्षरं, त्यात गाण्यांच्या नावांची यादी. नाव रॉबर्ट जॉन्सन.

[दुसरं चर्च.]

इथून थोड्याच अंतरावर क्विटो. चर्चचं नाव पेन चॅपल. जमिनीसरशी एक लहान दगड, वहीच्या पानासारखा. वाकल्याशिवाय वाचता येत नाही. नाव रॉबर्ट जॉन्सन. शॉट थरथरतोय कारण कॅमेरावाल्याच्या पायावर लाल मुंग्या चढल्या होत्या. तरी त्यानं कॅमेरा सोडला नाही, म्हणून ठेवलाय.

[तिसरं चर्च. पेकनचं झाड, खाली दगड.]

आणि हे ग्रीनवूडच्या उत्तरेला, मनी रोडवरचं लिटल झायन. झाडाखाली राखाडी दगड. नाव पुन्हा तेच.

माणूस एक, दगड तीन. आणि जेव्हा तो मेला तेव्हा एकही नव्हता.

[छायाचित्र: सूट, हॅट, मांडीवर गिटार.]

हा रॉबर्ट जॉन्सन, ब्लूज गायक आणि गिटारवाला. जन्म ८ मे १९११, हेझलहर्स्ट, मिसिसिपी. मृत्यू १६ ऑगस्ट १९३८, ग्रीनवूडजवळ. वय २७. त्याचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसऱ्या एका फोटोत ओठांत सिगारेट आहे. १९९४ साली अमेरिकन टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, तेव्हा सिगारेट पुसून टाकली. माणसाला विष घातलं गेलं असं अर्धं गाव सांगतं, आणि खात्याला काळजी तंबाखूची!

[बोरेगार्डची दफनभूमी. संध्याकाळ.]

त्याच्याबद्दलची एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. चौरस्त्यावर मध्यरात्री सैतान भेटला, त्यानं गिटार लावून दिली, बदल्यात आत्मा घेतला. क्लार्क्सडेलमध्ये त्या चौरस्त्याची खूण म्हणून मोठ्या निळ्या गिटारी खांबावर चढवल्यात. आम्ही तिथे शूट केलं, पण या फिल्ममध्ये ते ठेवलेलं नाही. खरी गोष्ट जास्त चांगली आहे.

रॉबिन्सनव्हिलमध्ये सन हाऊस नावाचा मोठा गायक होता. तो वाजवायला बसला की पोरसवदा रॉबर्ट आसपास घुटमळायचा. मध्यंतरात सन हाऊस बाहेर गेला की हा त्याची गिटार उचलून खाजवायला लागायचा. लोक वैतागायचे. पुढे सन हाऊसनंच हे सांगितलंय: त्या पोराकडून गिटार काढून घ्या, लोकांना वेड लागायची पाळी आली, असं लोक येऊन म्हणत. मग पोरगा गायब. परत आला तो असा वाजवत आला, की ऐकणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली.

मधल्या काळात तो गेला होता आपल्या जन्मगावाकडे. तिथे आयझॅक झिमरमन नावाचा गिटारवाला होता. त्याच्या घरी राहिला, त्याच्याकडे शिकला. घरात माणसं झोपलेली असायची, म्हणून दोघं रात्री समोरच्या दफनभूमीत जाऊन थडग्यांवर बसून वाजवायचे. झिमरमनच्या घरच्यांनी हे सांगून ठेवलंय. समोर दिसतेय ती तीच दफनभूमी. इथे ओरडायला कोणी येत नाही, एवढंच कारण. सैतान वगैरे नाही. गुरू होता, आणि रियाजाला जागा होती.

[हात. गिटार. जवळून.]

हे हात आमच्या मित्राचे. मूळचा सांगलीचा, आता मेम्फिसला नोकरी करतो, रविवारी वाजवतो. त्याच्या अंगठ्याकडे बघा. अंगठा जाड तारांवर एकसारखा ठेका धरतोय, तबल्याच्या डाव्यासारखा. बाकीची बोटं बारीक तारांवर उत्तरं देतायत. डाव्या करंगळीत काचेची नळी, ती तारेवरून घसरली की गिटार रडते. आणि या सगळ्यावर गळा वेगळ्याच चालीनं जातो. मित्र चौथ्या प्रयत्नाला थांबला. "दादा, ठेका धरला की गाणं सुटतं, गाणं धरलं की ठेका सुटतो," म्हणाला. हे वाक्य आम्ही कापलेलं नाही.

साठच्या दशकात लंडनमध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या ब्रायन जोन्सनं जॉन्सनची तबकडी त्याच बँडच्या कीथ रिचर्ड्सला ऐकवली. रिचर्ड्सनं विचारलं, हा बरोबर दुसरा कोण वाजवतोय? दुसरा कोणी नव्हताच. ती तबकडी ऐकवणारा ब्रायन जोन्स १९६९ साली पोहण्याच्या तलावात बुडून मेला. वय २७.

[सॅन अँटोनिओ. हॉटेलची जुनी इमारत.]

नोव्हेंबर १९३६. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं गंटर हॉटेल, खोली क्रमांक ४१४. तिथे यंत्रं मांडली होती. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून गाणं तीन मिनिटांत बसवायचं. पुढच्या वर्षी जूनमध्ये डॅलसला दुसरी खेप. दोन्ही मिळून २९ गाणी. जगाकडे त्याचं एवढंच आहे. उरलेलं सगळं रस्त्याकडेच्या दारूच्या गुत्त्यांत, रेल्वे फलाटांवर, न्हाव्याच्या दुकानांपुढे वाजवून हवेत गेलं.

[मृत्यूच्या दाखल्याची प्रत.]

हा त्याच्या मृत्यूचा दाखला. जुन्या तबकड्या शोधत दारोदार फिरणाऱ्या गेल डीन वॉर्डलो यांनी तो १९६८ साली मिळवला, म्हणजे जॉन्सन गेल्यावर तब्बल ३० वर्षांनी. मृत्यूच्या कारणापुढे लिहिलंय: डॉक्टर नव्हता. विष घातलेली दारू, दुसऱ्याची बायको, हे सगळं सांगोवांगीचं. कागदावर तेवढे दोन शब्द. खाली दफनाची जागा: झायन चर्च. आता या भागात झायन नावाची चर्चं किती असावीत? आपल्याकडे मारुतीची देवळं असतात तितकी. तीन दगड झाले ते यातूनच.

प्रसिद्ध गायक-वादक २७ व्या वर्षीच मरतात, असं म्हणत या आकड्याचं फार कौतुक होतं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. २७ व्या वर्षी मृत्यूंचा खास उंचवटा काही सापडला नाही. विशी-तिशीतले प्रसिद्ध गायक-वादक मात्र इतरांपेक्षा दोन ते तीन पट जास्त मरतात, हे सापडलं. पुढे जाऊ.

[पुन्हा माउंट झायन. खांबावरून सरकणारा कॅमेरा.]

पहिला दगड १९९१ चा. न्यू जर्सीत जुन्या गिटारी विकणारा स्किप हेंडरसन इथे आला होता. थोरामोठ्यांच्या कबरींवर नुसतं गवत, आणि चर्च कर्जात बुडालेलं. जॉन्सनची सगळी गाणी एकत्र करून काढलेला संच १९९० साली लाखोंनी खपत होता. हेंडरसननं चर्चच्या नावानं एक निधी उभा केला आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचं दार ठोठावलं. कंपनीनं पैसे दिले, चर्चचं कर्ज फिटलं आणि हा खांब उभा राहिला. आधी गिटारवाला हलला, मग कंपनी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढेही तोच आहे.

दुसरा, मुंग्यांजवळचा. जॉन्सनची मैत्रीण होते असं सांगणाऱ्या एका बाईनं ही जागा दाखवली होती. पैसे घातले अटलांटाच्या एका रॉक बँडनं. बँडचं नाव द टूम्बस्टोन्स, म्हणजे थडग्याचे दगड. नाव सार्थ केलं पोरांनी.

तिसरा २००० नंतरचा. ज्यानं कबर खणली त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं ही झाडाखालची जागा सांगितली. ऑगस्टच्या उन्हात नवरा खणत होता, ती त्याला पाणी घेऊन आली होती. अभ्यासक आता बहुतेक तिच्याच बाजूचे आहेत. मलाही तीच खरी वाटते. पाणी नेलेलं माणूस विसरत नाही.

[दगडावरच्या वस्तू. अगदी जवळून.]

सुटी नाणी. गिटार छेडायचे प्लास्टिकचे त्रिकोणी तुकडे, उन्हानं रंग उडालेले. व्हिस्कीची पाव बाटली, दोन बोटं उरलेली. एक तुटलेली तार, गोल गुंडाळून ठेवलेली. दगडावर एक मजकूर आहे, जॉन्सनच्या हस्ताक्षराची नक्कल म्हणून कोरलेला: माझा तारणहार जिवंत आहे, तो मला कबरीतून हाक मारील.

[इथे निवेदन नाही. झाडाचा आवाज.]

त्याच्या एका गाण्यात मागणं आहे की मला हमरस्त्याच्या कडेला पुरा, म्हणजे माझ्या भुताला बस पकडता येईल. रस्ता समोरच आहे. याच रस्त्यानं पुढे गेलं की मनी गाव लागतं. तिथल्या किराणा दुकानातल्या प्रसंगावरून १९५५ साली एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला पळवून नेऊन मारलं. दुकानाची पडझड झालेली भिंत आम्ही गाडीतूनच बघितली.

गाण्यांच्या उत्पन्नाचं काय झालं? कज्जा वर्षानुवर्षं चालला. २००० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं जॉन्सनच्या मुलाला वारस ठरवलं. तो खडीचा ट्रक चालवायचा.

[हॉली रिज. शेताकडेची दफनभूमी.]

हा चार्ली पॅटन. जॉन्सनच्या आधीचा ब्लूज गायक, गेला १९३४ साली. हाही दगड १९९१ चा, त्याच निधीतून. पैसे दिले जॉन फॉगर्टी या रॉक गायकानं. आमच्या कॅमेरावाल्याला जवळचं जिनिंगच जास्त आवडलं. सरकीचा वास सारखाच येतो म्हणाला.

[क्लार्क्सडेल. सनफ्लॉवर अव्हेन्यूवरचं रिव्हरसाइड हॉटेल, बाहेरून.]

हे हॉटेल पूर्वी काळ्या लोकांचं इस्पितळ होतं. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे हायवे ६१ वर अपघात झाला आणि ब्लूज गायिका बेसी स्मिथला इथे आणलं. गोऱ्यांच्या इस्पितळानं दारातून परत पाठवलं ही गोष्ट खूप फिरली, पण खरी नाही. ती थेट इथेच आली, आणि इथेच गेली. वय ४३. वीसच्या दशकात तिच्याइतकं मानधन घेणारी काळी गायिका दुसरी नव्हती.

[शॅरन हिल, पेनसिल्व्हेनिया. गवत कापणारं यंत्र.]

फिलाडेल्फियाजवळची ही माउंट लॉन दफनभूमी. हे चित्रण वेगळ्या खेपेचं, जूनमधलं, म्हणून एवढं हिरवं. ४ ऑक्टोबर १९३७ ला बेसीला इथे आणलं तेव्हा हजारोंची गर्दी होती. गर्दी पांगली आणि पुढची जवळजवळ ३३ वर्षं या जागेवर नाव नव्हतं. मधे दगडासाठी पैसे गोळा झाले, दगड आला नाही.

१९७० मध्ये एका बाईनं फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्राला कळवलं, की एवढी मोठी गायिका आणि नावाची पाटीही नाही. कोलंबिया कंपनी तेव्हा बेसीची गाणी नव्यानं बाजारात आणत होती. दगडाचा खर्च मात्र दोन बायकांनी वाटून घेतला. एक ह्वानिटा ग्रीन. लहानपणी ती बेसीच्या स्वयंपाकघराची फरशी घासायची. दुसरी जॅनिस जॉप्लिन, रॉकची तेव्हाची सगळ्यांत मोठी गायिका, जी बेसीलाच ऐकत वाढली होती.

[दगडावरची अक्षरं, एकेक ओळ.]

७ ऑगस्ट १९७० ला दगड बसला. अक्षरांचा अर्थ असा: जगातली सर्वांत थोर ब्लूज गायिका गाणं कधीच थांबवणार नाही.

जॅनिस त्या दिवशी आली नव्हती. दोन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, म्हणजे बेसीला पुरलं त्याच तारखेला, हॉलिवूडमधल्या हॉटेलच्या खोलीत ती मेलेली सापडली. हेरॉइन. तिचंही वय २७. अल्बमचं काम चालू होतं. एका गाण्याचं वादन तयार होतं, त्यावर तिचा आवाज चढायचा राहिला होता. अल्बममध्ये ते गाणं तसंच आहे, आवाजाशिवाय. तिची राख पॅसिफिकमध्ये सोडली. तिचा दगड कुठेच नाही, म्हणून आमच्याकडे तिचं दृश्यही नाही.

[बेसीचा दगड, स्थिर. यंत्र जवळ येतं, दगडाला वळसा घालून जातं. आवाज तसाच ठेवा.]