आरएक्स 100 परत चालू करताय? बोअर किट घ्यायच्या आधी सील तपासा

[शेडमध्ये, गाडीशेजारी उभं राहून]

नमस्कार मंडळी. ही आमच्या वडिलांची यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल, 1991 चं मॉडेल. अकरा वर्षं गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती. आता ऐका.

[किक. इंजिन लागतं. दहा सेकंद कुणी बोलत नाही.]

हा आवाज परत आणायला मला दोन महिने लागले, आणि त्यातले पाच आठवडे एका रबराच्या रिंगेपायी गेले. आजचा व्हिडिओ तिच्यावरच आहे.

आधी गाडी उभी का राहिली ते सांगतो. चालू असतानाच तिने तीनदा पिस्टन पकडला, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला. पहिल्यांदा गॅरेजवाल्याने नवीन बोअर किट, म्हणजे सिलिंडर-पिस्टनचा जोड, टाकलं, चाळीस किलोमीटरवर परत पकडला. परत किट, तीन आठवड्यांत तोच प्रकार. वडिलांना सांगण्यात आलं, "तुम्हीच ऑइल कमी घालता." वडील मास्तर माणूस, त्यांना ते खरं वाटलं. त्यांनी गाडी झाकून ठेवली आणि पुन्हा तिचा विषय काढला नाही.

आता इंजिन समजून घेऊ. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 50 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 50 मिलिमीटर, म्हणून 98 सीसी. एवढ्याशा इंजिनातून 11 हॉर्सपॉवर. 1985 ते 1996 ही गाडी बनली आणि आजही लोक तिच्यामागे वेडे आहेत, ते या ताकदीमुळे. पण हे टू-स्ट्रोक आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँक फिरते ती पेटी, ही ऑइलची टाकी. इथे कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण रीड वाल्व्हमधून, म्हणजे एकाच बाजूला उघडणाऱ्या पातींमधून, आधी क्रँककेसमध्ये उतरतं, पिस्टन खाली येताना ते दाबतो आणि मग ते वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच झाला. पंपाला भोक पडलं तर?

[हातात काळं, कडक झालेलं ऑइल सील. कॅमेरा जवळ.]

हे ते भोक. क्रँकच्या डाव्या टोकाचं, मॅग्नेटमागचं (मॅग्नेट म्हणजे स्पार्कसाठी वीज तयार करणारं फिरतं चाक) सील. हे ओठ बघा. नवीन सीलचे ओठ बोटाने दाबले की वाकतात आणि परत येतात. हे नखाने टोकरलं तर तुकडा पडतो. इथून बाहेरची हवा आत शिरते. त्या हवेत पेट्रोल नाही, ऑइलही नाही. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, फुगतो आणि बोअरला चिकटतो. पिस्टन आणि बोअर यांच्यात फट असते ती मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांची. नवीन किट टाकलं तर फट नवी होते, गळती मात्र जुनीच राहते. वडिलांनी ऑइल कमी घातलं नव्हतं.

सील गेलंय हे इंजिन न खोलता कळतं का? बरंचसं कळतं. गरम गाडीचा थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नसेल, वरच रेंगाळत असेल, तर मॅग्नेटच्या बाजूचा संशय घ्या. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं. इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी कुठेही थेंब न सांडता उतरत जाते.

पण खात्री हवी असेल तर हे करा.

[टेबलावर रक्तदाबाच्या मशीनचा पंप आणि डायल.]

हो, बीपीचंच मशीन. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढले. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळली. इनटेकच्या पट्टीला नळी जोडली. प्लग जागेवर, पिस्टन खाली. आता हळूहळू हवा भरा. डायलवर 300 म्हणजे जवळपास 6 पीएसआय, त्याच्यापुढे जाऊ नका. काटा काही मिनिटं जागचा हलला नाही तर इंजिन हवाबंद आहे. माझ्याकडे काटा बघता बघता खाली आला. मॅग्नेट काढून सीलवर साबणाचं पाणी लावलं आणि...

[जवळून: सीलच्या खालच्या कडेला बारीक बुडबुडे.]

हे बघा. अकरा वर्षांचं उत्तर.

मॅग्नेट काढायला पुलरच वापरा. हातोडीने ठोकू नका, क्रँक वाकतो. नवीन सील बसवताना ओठांना थोडं ऑइल लावा आणि सगळीकडून सारखं दाबा.

सिलिंडर आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे नेला. त्यांनी पिस्टन आधी हातात घेतला, मायक्रोमीटरने मोजला आणि मग त्याच्या मापाने बोअर केला. हा क्रम लक्षात ठेवा. पिस्टन बघितल्याशिवाय बोअर करायला निघालेल्या माणसाकडून सिलिंडर परत घेऊन या.

बाकीचं पटपट सांगतो. कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून डिंकासारखं झालं होतं. पायलट जेटचं, म्हणजे मंद रेसवर पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक इतकं बारीक, की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. त्यात तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवा आणि हवा मारा. कार्ब्युरेटरचा हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, तिथून ट्यूनिंग सुरू करा. स्पार्क पाडणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासून 0.3 ते 0.4 मिलिमीटर गॅप ठेवली. सायलेन्सरमधला बॅफल, म्हणजे आवाज दाबणारी आतली नळी, काजळीने अर्धा बुजला होता, तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून काढला. बॅफल लोखंडी असतो म्हणून चालतं. कॉस्टिक ॲल्युमिनियमला लागू देऊ नका, खाऊन टाकतं.

पेट्रोलचं मात्र नीट ऐका. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. पेट्रोलची नळी, कॉकचं पॅकिंग, फ्लोटच्या झाकणाचं पॅकिंग, सगळं नवीन टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

आणि ऑइल पंप, इंजिनात ऑइल पोचवणारा. लाइन रिकामी असेल तर आत हवा अडकते आणि सुरुवातीला ऑइल पोचतच नाही. ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत थांबा. तरीही पहिल्या टाकीला मी पेट्रोलमध्ये थोडं टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, मिसळलंच. थोडा धूर झाला तरी हरकत नाही.

[पाना लावून प्लग काढतो.]

काल तीस किलोमीटर चालवली, रेस न ताणता, मध्ये दोनदा थांबून इंजिन गार करून. हा प्लग बघा. पांढरा असता तर मिश्रण पातळ, काळा ओला असता तर जास्त. हा शेंगेच्या टरफलासारखा तांबूस आहे. पाचशे किलोमीटरपर्यंत मी दर आठवड्याला हा बघणार आहे.

ते फुटलेलं सील मी वडिलांच्या हातात दिलं. चष्मा वर सरकवून त्यांनी ते बराच वेळ फिरवून बघितलं. म्हणाले, "म्हणजे ऑइल बरोबर होतं." मग आत गेले आणि हेल्मेट घेऊन आले.

[शेडच्या दारातून गाडी बाहेर पडते. आवाज लांब जाईपर्यंत कॅमेरा तिथेच.]