पालथा त्रिकोण

पडद्यावर दिसतो आहे तो बाह्यकोनाच्या प्रमेयाचा त्रिकोण गणिताच्या बाईंनी, आकृती डोळ्यांऐवजी बोटांनी वाचणाऱ्या एका मुलीसाठी, मुद्दाम उलटा काढला आहे. जाड कागद रबराच्या मऊ तुकड्यावर पालथा ठेवून मागून दातेरी चाक फिरवले, की पुढच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठते. त्यामुळे डावीकडचा कोन उजवीकडे काढावा लागतो. ब्रेल ही उठावाच्या ठिपक्यांची, बोटांनी वाचायची लिपी; ती हाताने लिहायच्या पाटीचेही तसेच असते: लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि वाचायचे डावीकडून उजवीकडे.

पुस्तकातली आकृती जशीच्या तशी उठवून भागत नाही. चौकट आणि छटा यांचा बोटांना नुसता गोंधळ होतो, म्हणून त्या गाळल्या आहेत. वाढवलेली बाजू वेगळी कळावी यासाठी तिथे दोरा चिकटवला आहे, आणि ब्रेल अक्षरे रेघांपासून दूर ठेवली आहेत, कारण दोन्हींचे ठिपके एकमेकांत मिसळले तर काहीच वाचता येत नाही. बोटाखाली किती मावते, हा प्रश्न जुनाच आहे. ब्रेलच्या आधीच्या, शार्ल बार्बिए यांच्या उठावाच्या लिपीत एका घरात १२ ठिपके होते. लुई ब्रेल यांनी ते ६ वर आणले आणि १८२९ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली.

आता प्रत्यक्ष तास. बाई आधी फळ्यावर लिहितात, मग वर्गाकडे वळून बोलतात, कारण पुढच्या बाकावरचा कमी ऐकू येणारा मुलगा त्यांच्या ओठांकडे पाहून बरेचसे समजून घेतो. ‘ही बाजू इथपर्यंत’ असे न म्हणता त्या ‘बाजू बीसी डीपर्यंत वाढवली’ असे सांगतात, ते आकृती बोटांनी वाचणाऱ्या मुलीसाठी. वाढवलेल्या बाजूपाशी त्रिकोणाबाहेर होतो तो बाह्यकोन; त्याला लागून नसलेले आतले दोन कोन म्हणजे दूरस्थ आंतरकोन. या दोघांचे कागदी तुकडे बाह्यकोनावर शेजारी शेजारी ठेवले की नेमके बसतात. हे डोळ्यांनी पाहिले काय किंवा बोटांनी चाचपले काय, सारखेच पटते. प्रमेयाचे लांबलचक वाक्य वाचताना अडखळणारी मुलेही हेच तुकडे मागून घेतात.

या सगळ्याला कोणी सवलत म्हणेल; आम्हाला ते पटत नाही, कारण ही सगळी तयारी पाठाचे टाचण काढतानाच झालेली आहे. स्पेनमधील सालामांका येथे १९९४ साली ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी सर्वसमावेशक शिक्षणाचा, म्हणजे सर्व मुलांनी एकाच वर्गात शिकण्याचा, पुरस्कार केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील कलम २४ ने त्याला हक्काचे रूप दिले. दातेरी चाक कोणी आणि केव्हा फिरवायचे, हे मात्र करारात नसते; ते टाचणवहीतच लिहावे लागते.

परीक्षेत बोटांनी वाचणाऱ्या या मुलीला आकृतीचा प्रश्न वगळून दुसरा दिला जात नाही; उठावाची आकृती आणि जादा वेळ मिळतो.