कोन कुठला कंस कापतो?

मित्रहो, दहावीत ‘वर्तुळ’ हे प्रकरण सुरू झालं की मुलं प्रमेयांची यादीच पाठ करायला घेतात. आंतरलिखित कोन, अर्धवर्तुळातला कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका कोन. प्रत्येकाचं विधान वेगळं, सिद्धता वेगळी. मला आज कळकळीनं सांगायचंय ते हे, की यातलं पहिलं प्रमेय, म्हणजे वर्तुळावर शिरोबिंदू असलेला कोन त्यानं कापलेल्या कंसाच्या निम्मा असतो हे, नीट उमगलं तर बाकीची त्यातूनच निघतात.

म केंद्र असलेलं वर्तुळ काढा. त्यावर क आणि ख हे बिंदू असे घ्या, की लघुकंस (लहान कंस) कख १०० अंशांचा होईल, म्हणजे केंद्राशी होणारा कोन कमख १०० अंशांचा. आता उरलेल्या मोठ्या कंसावर, म्हणजे विशालकंसावर, कुठेही प घ्या. कोन कपख किती? ५० अंश. का, ते बघू. प पासून म मधून रेषा ओढा, ती वर्तुळाला पलीकडे त मध्ये मिळू द्या. मप आणि मक या त्रिज्या, म्हणजे त्रिकोण मपक समद्विभुज. त्याचे प आणि क जवळचे कोन सारखे, म्हणून बाह्यकोन कमत हा कोन कपमच्या दुप्पट. ख च्या बाजूलाही तेच. दोन्हींची बेरीज केली की केंद्राशी असलेला कोन कमख हा कोन कपखच्या दुप्पट, झालं. केंद्र कोनाच्या बाहेर पडलं तर बेरजेऐवजी वजाबाकी करायची. ही शेवटची स्थिती वर्गात बऱ्याचदा घाईत उरकतात. तसं करू नये, कारण ती सुटली तर सिद्धता अर्धीच राहते.

युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात तिसऱ्या पुस्तकातलं २०वं विधान हेच आहे. एकाच वर्तुळखंडातले कोन समान, हे २१वं. चक्रीय चौकोनाचं (ज्याचे चारही शिरोबिंदू वर्तुळावर असतात त्याचं) २२वं.

आता प ला वर्तुळावरून सरकवा. विशालकंसावर तो कुठेही असो, कोन ५० अंशच. सरकत सरकत तो क ला जाऊन भिडला की रेषा पक ही क मधून जाणारी स्पर्शिका होते, आणि स्पर्शिका व जीवा कख यांमधला कोनही ५० अंशच भरतो. सबंध प्रकरणातली मला सर्वांत सुंदर वाटणारी जागा ही! आणखी पुढे, लघुकंसावर प गेला, की कोन एकदम १३० अंशांचा. इथे काही बिघडलेलं नाही. आता तो समोरचा २६० अंशांचा कंस अंतर्खंडित करतो, म्हणजे कापतो, त्याचे निम्मे १३०. ५० आणि १३० मिळून १८०, म्हणजेच चक्रीय चौकोनाचे संमुख कोन.

कंस १८० अंशांचा असेल तर कोन काटकोन. घरी करून बघा: पुठ्ठ्यावर ताट ठेवून वर्तुळ काढा. पोस्टकार्डाचा कोपरा वर्तुळावर टेकवा. त्याच्या दोन कडा, लागल्यास पट्टीनं वाढवून, वर्तुळाला जिथे छेदतात ते बिंदू जोडले की व्यास मिळतो. दुसरीकडे कोपरा टेकवून आणखी एक व्यास काढा. दोन्ही छेदतात तिथे केंद्र.

शिरोबिंदू वर्तुळावर नसेल तर? जीवा आत छेदत असतील तर समोरासमोरच्या दोन कंसांच्या बेरजेच्या निम्मे, छेदिका (वर्तुळाला दोन बिंदूंत कापणाऱ्या रेषा) बाहेर मिळत असतील तर वजाबाकीच्या निम्मे. एक जीवा जोडा आणि त्रिकोणाचा बाह्यकोन वापरा, दोन्ही सिद्ध होतात. बाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका काढल्या आणि लघुकंस ११० अंशांचा असला, तर विशालकंस २५०, फरक १४०, म्हणून स्पर्शिकांमधला कोन ७० अंश.