ताऱ्याची पत

नमस्कार श्रोतेहो. लग्नाच्या मांडवापुढे मर्सिडीज येऊन थांबली की वऱ्हाडाच्या माना वळतात. गाडी कुणाची, केवढ्याची, नवी की सेकंड हँड, ही चौकशी अक्षता पडायच्या आत पुरी होते. आपल्याकडे हे नाव श्रीमंतीला इतकं चिकटलंय, की त्यामागे एक कारखाना आहे, तेलकट हातांची माणसं आहेत, हे कुणाच्या मनातही येत नाही.

आज त्या तेलकट हातांबद्दल बोलायचंय. माझं म्हणणं असं, की मर्सिडीजच्या या तीन टोकांच्या ताऱ्याची पत वाढवली ती टॅक्सीवाल्यांनी, ट्रकवाल्यांनी, आणि नवऱ्याला न विचारता घराबाहेर पडलेल्या एका बाईनं. राजेरजवाडे, पुढारी, शेठ लोक मागून आले आणि मागच्या सीटवर बसले.

आपल्याकडचंच पाहा. महाराजांच्या गॅरेजमधल्या गाड्या सोडा, त्या किती जणांनी पाहिल्या असतील? सामान्य माणसानं हा तारा जवळून पाहिला तो मालट्रकच्या पुढच्या जाळीवर. टाटांची टेल्को १९४५ साली निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ साली तिनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ ला तो संपला आणि ताऱ्याच्या जागी गोलातलं इंग्रजी ‘टी’ आलं. तोवर टेल्कोच्या लोकांनी तो ट्रक बनवणं पुरतं अंगवळणी पाडून घेतलं होतं. या सगळ्यामागे डोकं होतं टेल्कोची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांचं. पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोचा कारखाना १९६६ साली उभा राहू लागला तोही त्यांच्याच पुढाकारानं. पुढे टाटांनी एका गाडीचं नाव सुमो ठेवलं. सुमंतमधला ‘सु’ आणि मुळगावकरांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘मो’. जपानी पैलवानांचा तिथं काही संबंध नाही.

आता त्या बाईची गोष्ट. तिचं नाव बेर्टा बेंझ. नवरा कार्ल बेंझ, गाव मानहाइम, नैर्ऋत्य जर्मनीतलं. कार्लनं २९ जानेवारी १८८६ रोजी पेट्रोलच्या इंजिनावर चालणाऱ्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज दिला. एक सिलिंडर, ताकद एका अश्वशक्तीलाही कमी. माणूस हुशार, पण बुजरा आणि अति चिकित्सक. गाडी अजून सुधारू, अजून थोडं बघू, असं करत तो ती गावाबाहेर नेईचना. लग्नाआधी बेर्टानं स्वतःच्या हुंड्याचे पैसे त्याच्या धंद्यात घातले होते. पैसे अडकलेल्या माणसाला धीर किती धरवणार?

१८८८ चा ऑगस्ट. मुलांना शाळेची सुट्टी. पहाटे नवरा झोपेत असताना बेर्टानं ऑयगेन आणि रिशार्ड या दोन मुलांना सोबत घेतलं आणि गाडी काढली. निघाली माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. रस्ते बैलगाडीचे आणि घोडागाडीचे. तोवर मोटारीनं इतक्या लांब कुणीच गेलं नव्हतं.

वाटेत काय काय झालं ते ऐका. पेट्रोल पंप ही चीजच जगात नव्हती. वीसलोख नावाच्या गावी तिनं औषधाच्या दुकानात जाऊन लिग्रोइन मागितलं. कपड्यांवरचे डाग काढायला लोक ते बाटलीनं नेत, तेच इंजिनात ओतलं. इंधनाची नळी तुंबली तर टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. इग्निशनच्या वायरीचं आवरण झिजलं तर पायमोज्याचा गार्टर काढून गुंडाळला. इंजिन तापलं की विहीर, ओढा, मिळेल तिथून पाणी. चढ आला की पोरं खाली उतरून धक्का मारायची. आणि उतारावर? ब्रेक म्हणजे चाकावर दाबणारे लाकडी ठोकळे, ते झिजायला लागले. तिनं एका गावातल्या चांभाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज आपण गॅरेजात ‘ब्रेक लायनर बदला’ म्हणतो, त्याची सुरुवात त्या चांभाराच्या दुकानात झाली.

संध्याकाळी पोचल्यावर तिनं नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी दुसऱ्या वाटेनं परत आली आणि यादी वाचून दाखवली. मुख्य तक्रार अशी की चढाला गाडी ओढत नाही, आणखी एक गियर पाहिजे. कार्लनं तो बसवला. मला यातला हा भाग फार आवडतो. गाडी बनवणारा एक, चालवणारी दुसरी, आणि चालवणारीचं म्हणणं बनवणाऱ्यानं ऐकलं. कंपनीचा पुढचा बराच चांगला काळ मला या एका सवयीत दिसतो, आणि वाईट काळ ती सुटली तेव्हाचा.

तिकडे स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटला गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे बागेतल्या काचघरात वेगळंच इंजिन बनवत होते. त्यांची चारचाकी १८८६ चीच. दोन्ही गावांत शंभरेक किलोमीटरचं अंतर, तरी डाइमलर आणि बेंझ आयुष्यात एकमेकांशी कधी बोलल्याची नोंद नाही. डाइमलरच्या कारखान्यातून १८९६ साली ट्रक निघाला आणि १८९७ साली स्टुटगार्टमध्ये मीटर लावलेली मोटार-टॅक्सी धावली, डाइमलरचीच. म्हणजे ‘मर्सिडीज’ हे नाव जन्माला यायच्या आधी ट्रकही होता आणि टॅक्सीही.

नाव आलं ते एमिल येलिनेक या गिऱ्हाइकामुळे. फ्रान्समधल्या नीसला राहणारा हा ऑस्ट्रियन धंदेवाला. शर्यतींचं वेड, खिशात पैसा, आणि कंपनीला पत्रांमागून पत्रं पाठवून भंडावून सोडायची सवय. १९०० साली त्यानं एकदम ३६ गाड्यांची ऑर्डर दिली आणि अट घातली की नव्या इंजिनाला आपल्या मुलीचं नाव पाहिजे. मुलीचं नाव मर्सिडीज. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत त्या गाडीनं सगळ्यांना मागे टाकलं, १९०२ ला नाव रजिस्टर झालं. स्वतः डाइमलर तोवर वारला होता. १९०९ ला ताऱ्याचीही नोंदणी झाली. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आमची इंजिनं चालतील, अशी ती तीन टोकं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चलनाचा पार पाचोळा झाला, गाड्या विकत घ्यायला कुणी उरलं नाही, आणि २८ जून १९२६ रोजी या दोन जुन्या स्पर्धक कंपन्या एक झाल्या. डाइमलर-बेंझ.

पुढचा काळ झाकून ठेवण्यासारखा नाही. नाझी राजवटीत ही कंपनी फळफळली. हिटलर ज्या मोठ्या उघड्या गाडीत उभा राहून मिरवायचा ती मर्सिडीजच. युद्धात विमानांची इंजिनं, लष्करी ट्रक. आणि १९४४ पर्यंत कंपनीच्या कामगारांपैकी जवळपास निम्मे वेठीला धरलेले होते. व्यापलेल्या देशांतून पकडून आणलेले नागरिक, युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी. हे कंपनी आज स्वतःच सांगते, पण सांगायला तिला अनेक दशकं लागली. ताऱ्याचं कौतुक करताना एवढं लक्षात असू द्यावं.

त्याच नाझी काळातली दुसरी एक गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याची. १९३६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या प्रदर्शनात २६०-डी ही डिझेलवर चालणारी मोटार मांडली गेली. डिझेल तोवर ट्रकचं आणि बोटीचं इंधन. ही गाडी घेतली कुणी? मुख्यतः टॅक्सीवाल्यांनी. इंधन कमी खातं, इंजिन दमत नाही, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता.

युद्धानंतर तो हिशेब जर्मनीभर झाला. १९७१ पासून तिथल्या टॅक्सी फिक्या हस्तिदंती रंगाच्या झाल्या, आणि त्यातल्या बहुतेकांवर तारा असायचा. या डिझेल गाड्या भयंकर संथ होत्या, बरं का. १९७६ ला आलेली २००-डी शंभरचा वेग गाठायला अर्धा मिनिट घ्यायची. जर्मन लोक तिला ‘सरकती वाळूची टेकडी’ म्हणत. सकाळी चावी फिरवली तरी लगेच सुरू करायची सोय नाही. इंजिनाला आतून ऊब देणारा ग्लो प्लग तापेपर्यंत थांबायचं. त्या थांबण्याला, डिझेल इंजिन शोधणाऱ्या माणसाच्या नावानं, चेष्टेत ‘रुडोल्फ डिझेल यांच्या स्मृतीसाठी मिनिटभर शांतता’ म्हणत. पण एकदा धडधडायला लागली की लाखो किलोमीटर. या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या १९८६ पर्यंत खपल्या. सुरुवातीला प्रतीक्षायादी इतकी लांब, की वर्षभर वापरलेली गाडी जवळपास नव्याच्या भावानं जायची.

स्टुटगार्टच्या कंपनीच्या संग्रहालयात एक २४०-डी आहे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची, १९७६ सालची. त्यानं ती ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ ला कंपनीला देऊन टाकली. इंजिनं अर्थात बदलली, ती काय जादूची नव्हती. पण एका गाडीशी माणूस इतकी वर्षं इमान राखतो, तेव्हा गाडीनंही काहीतरी केलेलं असतं. मोरोक्कोत तर याच जातीच्या जुन्या गाड्या गावोगाव वडापसारख्या चालायच्या. ड्रायव्हर सोडून सहा प्रवासी, चार मागे, दोन पुढे. २०१४ नंतर सरकारनं पैसे देऊन त्या मोडीत घालायला लावल्या. आपण होऊन त्या रस्त्यावरून हटेनात.

सुरक्षेचं थोडं सांगायला हवं. बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरानं १९५१ साली एका उलट्या विचाराचं पेटंट मागितलं. तोवर समज असा की गाडी जितकी दणकट, तितका माणूस सुरक्षित. बारेनी म्हणाला, गाडीचं नाक आणि शेपूट चुरगळू द्या, म्हणजे धडकेचा जोर तिथंच जिरेल, आणि मधली माणसं बसायची जागा तेवढी पोलादी ठेवा. १९५९ च्या गाडीत ते प्रत्यक्षात आलं. त्याच वर्षी झिंडेलफिंगेनच्या आवारात मुद्दाम गाड्या धडकवून बघायला सुरुवात झाली. पुढे त्यांना वेग द्यायला मागे चक्क गरम पाण्याच्या वाफेचं रॉकेट लावत. आज स्वस्तातल्या गाडीलाही चुरगळणारं नाक असतं.

मग नाक कापलं गेलं ते १९९७ मध्ये. कंपनीनं ए-क्लास ही लहान गाडी आणली. ऑक्टोबरात एका स्वीडिश मासिकाच्या लोकांनी ती चाचणीला घेतली. रस्त्यात अचानक मोठं सांबर आलं तर स्टिअरिंग झटक्यात इकडून तिकडे वळवावं लागतं, ती चाचणी. गाडी उलटली. त्याहून वाईट म्हणजे, पूर्व जर्मनीची खटारा ट्राबांट तीच चाचणी पार करून गेली आणि लोक पोट धरून हसले. कंपनीनं आधी कुरबुर केली, मग विक्री थांबवली आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवून दिलं. ईएसपी म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. दोनच वर्षांपूर्वी ती कंपनीच्या सगळ्यात महागड्या गाडीत आली होती, आता सगळ्यात स्वस्त गाडीत आली. फजिती कंपनीची झाली, फायदा सगळ्यांचा.

पण खरं दुखणं फजितीचं नव्हतं, गंजाचं होतं. नव्वदीच्या दशकात खर्चकपातीची हवा शिरली. १९९५ च्या ई-क्लासला काही वर्षांतच दारांच्या कडांना, चाकांवरच्या पत्र्याला तांबेरा धरू लागला. त्याच सुमाराच्या काही गाड्यांत वायरींचं आवरण हात लावला तर भुगा होऊन पडायचं. १९९८ ला अमेरिकेच्या क्रायस्लरशी लग्न लागलं, २००७ ला मोडलं. मध्ये २००५ साली १३ लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या. शेठला याचं फार वाटत नाही, तो तीन वर्षांनी गाडी बदलतो. दहा वर्षांच्या हिशेबानं कर्ज काढणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या पोटावर मात्र तो गंज येतो. आणि ज्या डिझेलनं नाव दिलं, त्याच डिझेलनं शेवटी मान खाली घालायला लावली. धुराच्या चाचण्यांत लबाडी केल्याच्या आरोपांवरून अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

आपल्या पुण्याचा धागा पुन्हा जुळला तो १९९४ ला. मर्सिडीज-बेंझ इंडिया टेल्कोच्या भागीदारीत सुरू झाली आणि पिंपरीत ई-क्लास जोडायला लागली. २००९ पासून खेड तालुक्यात चाकणला कंपनीचा स्वतःचा कारखाना आहे. ई-क्लास इथं मुद्दाम लांब करून विकली जाते, कारण इथला मालक मागे बसतो आणि त्याला पाय पसरायला जागा लागते.

२०२१ च्या डिसेंबरात ट्रकचा धंदा वेगळा काढला. त्याचं नाव डाइमलर ट्रक. २०२२ मध्ये मोटारींच्या कंपनीनं डाइमलर हे नावच टाकलं आणि ती मर्सिडीज-बेंझ ग्रुप झाली. मुलीचं नाव महागड्या गाड्यांना राहिलं, म्हाताऱ्या कारागिराचं नाव ट्रकबरोबर गेलं. कंपनीच्या साहेबांनी त्याच वर्षी जाहीर केलं की लहान गाड्या कमी करू आणि उंची गाड्यांवर भर देऊ. नफ्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेलही. मला आपलं वाटतं, की ते टॅक्सीवाल्यांनी जमवलेल्या पुंजीवर चैन करतायत, आणि त्या पुंजीत नवी भर घालणारं गिऱ्हाईक आता त्यांच्या शोरूमकडे फिरकत नाही. नमस्कार.