अर्थाला पाणी

नमस्कार मंडळी, राम राम.

समितीनं मला सांगितलं, मराठवाड्यावर दहा मिनिटं बोला. आठ जिल्हे आणि दहा मिनिटं, म्हणजे एका जिल्ह्याला सव्वा मिनिट. त्यात बीडकर आणि परभणीकर पुढच्याच रांगेत बसलेत. त्यांचा जिल्हा सव्वा मिनिटात उरकला तर ते मला जेवू देणार नाहीत. म्हणून मी जिल्हे सोडले आणि एकच शब्द घेऊन आलो. तोही इंग्रजी. ग्राउंड.

हा शब्द माझ्या मागं आईमुळं लागला. गेल्या उन्हाळ्यात ती इथं अमेरिकेत आली होती. आमचं गाव औसा तालुक्यातलं, लातूर जिल्हा. एका संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी काहीतरी प्रताप केला, बायकोनं शिक्षा सुनावली आणि आम्ही दोघं सामान आणायला बाहेर पडलो. पोरगं आजीजवळ जाऊन म्हणालं, "आजी, मला ग्राउंड केलंय," आणि तोंड पाडून वर खोलीत गेलं. तासाभरानं आम्ही परत आलो तर आई घरात नाही. शोधाशोध केली तर घरामागच्या शाळेच्या मैदानावर, साडीवर माझं जॅकेट घालून, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांमध्ये एकेकाचं तोंड बघत फिरतेय. मला बघून म्हणाली, "समदं ग्राउंड पालथं घातलं, पोरगं कुटंच न्हाई."

तिचं काय चुकलं? लातुरात पोरगं ग्राउंड म्हणालं की ते क्रिकेट खेळायला गेलेलं असतं. इथं त्याच शब्दाचा अर्थ बरोबर उलटा, बाहेर पडायचं नाही. विमानालाही तोच न्याय: उडायचं नाही, बस खाली.

पुढच्या आठवड्यात नातवानं तिला मसाल्याच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं, ग्राउंड कोरिअँडर. ती म्हणाली, "भुईधने? हितं धने भुईमुगासारखे जमिनीत येत्यात व्हय?" आम्ही हसलो. नंतर वाटलं, हसण्यासारखं काय आहे? ग्राउंडनट म्हणजे भुईमूग, हे तिला माहीत होतं. एकदा ग्राउंड म्हणजे भुई ठरल्यावर धन्याला वेगळा कायदा का? धन्याचं ग्राउंड म्हणजे दळलेलं, त्याचं मूळच निराळं. दोन शब्द वाटेत भेटले आणि एकसारखे दिसायला लागले, एवढंच. कॉफी गाळल्यावर उरणारा चोथा मात्र दळण्यातला नाही. तो खाली बसतो म्हणून ग्राउंड्स. कारण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच तळ असा होता. समुद्राचा तळ, खड्ड्याचा तळ. वर दिसणारी जमीन हा अर्थही पार जुना. पण कोर्टातली ग्राउंड्स, म्हणजे अपिलाची कारणं, ती त्या तळातूनच आलीत. ज्यावर बाकीचं उभं राहतं ते ग्राउंड.

आता आमच्याकडं या. आमच्या गावात जमीन हा शब्द तलाठ्याकडं आणि भाऊबंदकीत वापरतात. रोजच्या बोलण्यात रान. "अण्णा रानात गेलेत" म्हणजे शेतात गेलेत. पुण्याला शिकायला गेल्यावर मी हे वाक्य खोलीतल्या मित्राला सांगितलं, तर त्यानं काळजीनं विचारलं, "एकटेच? जनावरं नाहीत का?" म्हटलं, आहेत की, दोन बैल आणि एक म्हैस.

रानाच्याही जाती. काळं, बरड, मुरमाड, चोपण. आणि सातबाऱ्यावरचा मला सगळ्यात आवडणारा शब्द, पोटखराब. शेताच्या पोटात असूनही जे पिकत नाही ते. (एकर हा शब्द आपण इतका आपलासा केलाय, पण तो इंग्रजी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता शेत. त्याचे चाळीस गुंठे मात्र आपले.)

काळी माती ही काही स्वस्थ पडून राहणारी वस्तू नाही. बेसाल्टचा खडक झिजून ती झाली. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिलमध्ये आमच्या रानात अशा भेगा पडायच्या की कोपरापर्यंत हात आत जायचा. लहानपणी माझी एक गोटी, निळी, तिच्यात दोरा फिरवल्यासारखी पांढरी रेघ, अशा भेगेत गेली. मी पोटावर झोपून काठीनं कोरत बसलो होतो. अण्णा म्हणाले, राहू दे, पाऊस पडला की भेग बुजती. भेग बुजली. गोटी अजून तिथंच कुठंतरी आहे, आणि त्या रानाच्या वाटण्या होऊन ती आता चुलत्यांच्या हिश्श्यात गेलीय.

अशा मातीवर भिंत उभी करायची तर काळी ओलांडून खाली जावं लागतं. गवंडी खोदत राहतो आणि कधीतरी म्हणतो, "मुरूम लागला." तो लागला की काम सुरू. ग्राउंडचा तो जुना अर्थ, तळ, मला कोशात सापडला त्या दिवशी हे वाक्य आठवलं होतं.

म्हणून गाव काळीवर वसत नाही. गाव असतं पांढरीवर. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी घरं बांधायची, ती पडायची, त्यावर पुन्हा बांधायची. चुलीची राख, भिंतीची माती, शेणकूट, सगळं मिसळून ती जागा पांढुरकी होते. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, तिथं अशी पांढरीची टेकाडं उकरली तेव्हा खाली सातवाहनांच्या काळातलं नगर निघालं. राबायचं काळीत, राहायचं पांढरीत. दोन्हींना इंग्रजीत ग्राउंडच म्हणतील, पण आमच्याकडं माणूस कुठल्या जमिनीवर काय करतो यावरून तिचं नाव ठरतं.

30 सप्टेंबर 1993. मी आठवीत होतो. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भुई हालली. आमचं गाव किल्लारीपासून लांब, आमच्या भिंतीला चीर गेली त्यावर निभावलं. किल्लारी, सास्तूर भागात दगडमातीच्या जाड भिंती होत्या आणि त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दरवर्षी माती टाकून टाकून जड झालेलं. तेच अंगावर आलं. हजारो माणसं झोपेतच गेली. त्यानंतर बावन्न गावं उठवून दुसरीकडं वसवली. नवी घरं जिथं उभी राहिली ती बरीचशी कालपर्यंतची रानं होती. आमच्या एक आत्या अशा गावात होत्या. घर पक्कं मिळालं, रस्ते सरळ मिळाले. त्या शेवटपर्यंत 'गावात जाऊन येते' म्हणायच्या आणि जुन्या पडक्या पांढरीकडं चालायला लागायच्या.

थोडं हलकं बोलतो, नाहीतर मराठवाडा म्हटलं की भूकंप आणि दुष्काळ असं होतं. आमच्याकडं जमिनीचा आणखी एक अर्थ आहे, तो औरंगाबादनं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरनं दिलेला. वली आणि सिराज या जुन्या उर्दू कवींचं ते शहर. उर्दूत गझलेचं वृत्त, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकामागं पुन्हा पुन्हा येणारे शब्द) मिळून जो साचा होतो त्याला जमीन म्हणतात. दुसऱ्याच्या जमिनीत गझल लिहिता येते, त्यावर कुणी दावा लावत नाही आणि फेरफारही होत नाही. औसा तालुक्यात हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही. कापडावर वेलबुट्टी ज्या रंगावर उठते त्यालाही उर्दूत जमीनच, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतही ग्राउंडच.

आता शेवटचं, माझ्या पोटापाण्याचं. मी विजेच्या कामातला. इथं नोकरीला लागल्यावर पहिल्याच बैठकीत मी तीनदा 'अर्थिंग' म्हणालो आणि समोरचे एकमेकांकडं बघायला लागले. आपला शब्द ब्रिटिशांचा. अमेरिकेत ग्राउंड म्हणतात. वस्तू एकच. मोटारीत वीज गळाली तर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून न जाता तारेनं निघून जावी, म्हणून प्लगची ती लांब तिसरी पिन. गावाकडं खड्डा खणून पाइप पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा घालतात, आणि ओल राहावी म्हणून वरून पाणी. माती वाळली की तिच्यातून वीज नीट जात नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये मी गावी गेलो होतो. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते ते वर्ष. आमच्या गावात टँकर दिवसाआड. बोअरच्या मोटारीच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, म्हणून वायरमनला बोलावलं. तो टेस्टर लावून बघत म्हणाला, "काकू, अर्थ लागंना गेलाय. रोज दोन बादल्या पाणी घाला." आई त्याच्याकडं बघतच राहिली. दोन बादल्या म्हणजे घरातल्या चार माणसांची अंघोळ.

दुसऱ्या दिवशी तिनं मोरीच्या तोंडाशी पत्र्याचा जुना डबा लावला. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, हातावर घेतलेलं, सगळं पाणी त्यात. मी परत इकडं आल्यावर फोनवर विचारायचो, टँकर आला का, गोळ्या घेतल्यास का. ती म्हणायची, "व्हय, व्हय. आन्‌ अर्थाला पाणी बी घातलं."